२००७ ची मस्टँग जीटी घ्यावी का? गरम इंजिनाची टकटक, ओला गालिचा आणि कधीच न बदललेले स्पार्क प्लग

हायवेपांथस्थ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. २००७ ची फोर्ड मस्टँग जीटी कूपे बघून ठेवली आहे. ४.६ लिटर व्ही-८, तीन व्हॉल्व्हवालं इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल, ८६,००० मैल. टायटल क्लीन आहे, गाडी पहिल्यापासून ओहायोत. मालक ९,५०० डॉलर मागतोय. पैसे देण्याआधी चार गोष्टींचा उलगडा हवा आहे.

थंड इंजिन सुरू केलं की आवाज स्वच्छ. वीसेक मिनिटं चालवून सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाच्या पुढच्या बाजूने डिझेलसारखी टकटक येते. पेडल थोडं दाबलं, १,२०० आरपीएमच्या वर गेलं, की थांबते. चेक इंजिन दिवा नाही. प्रवासी बाजूचा गालिचा पुढच्या कोपऱ्यात, दाराजवळ, ओलसर आहे. स्पार्क प्लग मूळचेच आहेत. मालकाचं म्हणणं, एक लाख मैलांपर्यंत हात लावायची गरज नाही. बॉनेटच्या पुढच्या कडेला रंगाखाली फोड आलेत.

यातलं काय किरकोळ आणि काय गंभीर? गाडी घेतली तर स्वतः काम करायची तयारी आहे. टॉर्क रेंच आणि सॉकेटचा सेट आहे, लिफ्ट नाही.

तेलकटहात

टकटकीपासून सुरुवात करतो, कारण या चारांत खर्चाची बाब तीच आहे.

या इंजिनात प्रत्येक हेडवर (सिलिंडरांच्या वरच्या झाकणात) एक कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि त्याच्या पुढच्या टोकाला फेझर असतो. इंजिन ऑइलच्या दाबावर फेझर कॅमचं टायमिंग मागेपुढे करतो. दाब नसतो तेव्हा आतली लॉकिंग पिन त्याला मूळ जागी धरून ठेवते. पिनेचं भोक झिजलं, किंवा गरम आयडलला (पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) तेलाचा दाब अपुरा पडला, की फेझर जागच्या जागी हेलकावे खातो. डिझेलसारखी टकटक म्हणतात ती हीच. इंजिन थंड असताना तेल घट्ट असतं म्हणून आवाज नाही, आणि आरपीएम वाढले की पंप दाब वाढवतो म्हणून थांबतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं याच्याशी जुळतात. उलट, थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर शांत, असं असतं तर मी आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती शोधली असती.

पण म्हणून लगेच फेझर मागवू नका. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. फेझर हा बहुधा मार खाणारा भाग असतो, मूळ दुखणं तेलाच्या दाबाचं. या इंजिनात टायमिंग चेनचे टेन्शनर प्लॅस्टिकच्या अंगाचे आहेत आणि त्यांच्या मागे रबरी सील आहे. हे सील फाटलं की तिथूनच तेलाचा दाब निसटतो आणि वर हेडपर्यंत कमी पोचतो. असं झालेल्या इंजिनात नुसते नवे फेझर बसवले तर काही महिन्यांत आवाज परत येतो.

डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर विसंबू नका. तो खरा दाब दाखवत नाही. खाली फक्त चालू-बंद स्विच आहे, किमान दाब मिळाला की काटा मधोमध जाऊन बसतो. ऑइल फिल्टरच्या बैठकीजवळचा तो स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा आणि आयडल व २,००० आरपीएम अशा दोन ठिकाणी दाब वाचा. आकडे त्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून पाहा. मालक हे करू देत नसेल तर टकटक ही चेनच्या पूर्ण कामाची धरूनच किंमत बोला.

गेजशिवायही एक चाचणी होते. गरम इंजिन बंद करा, दोन्ही व्हॉल्व्ह कव्हरच्या पुढच्या भागातल्या टायमिंग सोलेनॉइडचे कनेक्टर काढा आणि पुन्हा सुरू करा. सोलेनॉइडला वीज नसली की फेझरने मूळ जागी राहायला हवं. आवाज बदलला तर संशय फेझर आणि त्याच्या नियंत्रणावर पक्का होतो. अजिबात बदलला नाही, तर मात्र फेझर निर्दोष ठरत नाही, कारण पिनच झिजलेली असू शकते. दिवा लागेल, कोड साठेल, तो नंतर पुसा. कनेक्टर काढताना आत तेल दिसलं तर तीही नोंद करा, सोलेनॉइडचं सील गळतंय असा त्याचा अर्थ.

स्टेथोस्कोप असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा ऐका. पुढे जोरात म्हणजे फेझर किंवा चेन. मागे जोरात म्हणजे लॅश अ‍ॅडजस्टर किंवा रोलर फॉलोअर. फ्युएल रेलवर जी बारीक, एकसारखी टिकटिक ऐकू येते ती इंजेक्टरची. ती या इंजिनात असतेच, तिची काळजी नको.

गिअरवाला

५डब्ल्यू-३० तेल घाला, आवाज जाईल. नाहीतर सरळ २०११ किंवा त्यानंतरची ५.० लिटरवाली घ्या, ही सगळी कटकटच नाही.

तेलकटहात

या दोन्ही सल्ल्यांशी मी सहमत नाही. जाड तेलाने गरम आयडलचा दाब थोडा वाढतो आणि आवाज दबतो, हे खरं. पण विकत घेण्याआधी आपल्याला लक्षण ऐकायचं आहे, झाकायचं नाही. विकणाऱ्याने आधीच जाड तेल घातलं असेल का, हेही विचारून घ्या. फेझरचं नियंत्रण ५डब्ल्यू-२० धरून जुळवलेलं आहे. ६ क्वार्ट, म्हणजे सुमारे ५.७ लिटर, सोबत मोटरक्राफ्टचा एफएल-८२०एस फिल्टर. इंजिन थांबल्यावर तेल परत खाली उतरू न देणारा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह त्यात आहे, आणि या इंजिनाला त्याची गरज आहे.

२०११ पासूनचं ५.० लिटरचं कोयोटी इंजिन दणकट आहे, ४१२ हॉर्सपॉवर देतं. पण त्या गाडीत मॅन्युअल म्हणजे सहा गिअरची एमटी-८२. थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात अडकणं, दुसऱ्यात घासणं, या तिच्याबद्दलच्या नेहमीच्या तक्रारी. एक दुखणं सोडून दुसरं घेतल्यासारखं होईल, आणि किंमतही वेगळी. प्रश्नकर्त्याच्या गाडीतली ट्रेमेक टीआर-३६५० त्यापेक्षा साधी आहे. तिच्यात तिसऱ्याचा सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी कडी, बघायचा. थंड असतानाच, दुसऱ्यात ४,००० च्या वर नेऊन तिसरा टाका. खरखर आली तर सिंक्रो गेलाय.

दहाचापाना

प्लगबद्दल मालक पुस्तकातलं बोलतोय, फोर्डचं वेळापत्रक एक लाख मैलांचंच आहे. या इंजिनासाठी तो सल्ला वाईट आहे. मी हे काम ६०,००० मैलांच्या आसपासच करून टाकायला सांगेन. कारण असं.

या हेडमध्ये बसणारा मूळ प्लग दोन तुकड्यांचा आहे. आट्यांच्या खाली एक लांब, बारीक धातूची नळी ज्वलनकक्षापर्यंत जाते आणि ती वरच्या अंगाला फक्त दाबून जोडलेली असते. नळी आणि हेडचं भोक यांच्यामधल्या फटीत कार्बन भरत जातो. वर्षानुवर्षांनी प्लग फिरवला की वरचा भाग सुटून हातात येतो आणि नळी, कधी पोर्सेलिनसह, हेडमध्येच राहते. फोर्डने यावर २००८ मध्ये ०८-७-६ क्रमांकाची सर्व्हिस बुलेटिन काढली. ती मिळवून वाचा.

आधी तुमच्या गाडीत कोणतं हेड आहे ते बघा. २००८ मॉडेल वर्षात हेड आणि प्लग बदलले. कॉइलचा रबरी बूट तपकिरी असेल तर जुनं हेड, काळा असेल तर नवं. २००७ मध्ये तपकिरीच असणार, पण कॉइल कुणी बदलल्या असतील तर बुटाचा रंग फसवू शकतो. म्हणून दाराच्या खांबावरच्या लेबलवरची उत्पादनाची तारीख वाचा.

काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो रात्रभर उभी ठेवून. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे ओरबाडले जातात. कॉइलचा ७ मिमीचा बोल्ट काढा, कॉइल फिरवत वर ओढा. प्लगच्या विहिरीत कॉम्प्रेस्ड हवा मारून वाळू-माती उडवा. हे न करता प्लग सैल केला तर सगळा कचरा सिलिंडरमध्ये. ९/१६ इंची खोल सॉकेट लावा आणि प्लग एक अष्टमांश ते जास्तीत जास्त पाव फेरा सैल करा. तिथेच थांबा. आता कार्ब्युरेटर क्लीनर विहिरीत सोडा, प्लगच्या षटकोनी भागाच्या जेमतेम वर येईल इतकाच, म्हणजे अर्धा ते पाऊण चमचा. किमान १५ मिनिटं थांबा. मी तर म्हणेन आठही प्लगना एकदम भिजवा आणि तासभर सोडून द्या, घाईने काही मिळत नाही. त्यापेक्षा जास्त द्रव मात्र ओतू नका, तो खाली सिलिंडरमध्ये उतरतो.

मग हळूहळू सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल, असं मागेपुढे करत काढा. प्लग चरचर आवाज करत जड फिरू लागला तर जोर लावू नका, परत आत फिरवा, थोडं क्लीनर घाला, आणखी १५ मिनिटं. इम्पॅक्ट गन किंवा हवेवर चालणारं हत्यार अजिबात नाही. चौथा आणि आठवा सिलिंडर फायरवॉलच्या बाजूला आहेत (प्रवासी बाजूला पुढून मागे १ ते ४, चालक बाजूला ५ ते ८), तिथे हात नीट जात नाही आणि सॉकेट तिरका बसतो. सोप्यांवर हात बसल्यावर ते दोन घ्या.

तुटलाच तर घाबरून ड्रिल मारू नका. हेड न उतरवता अडकलेली नळी काढायचं खास हत्यार मिळतं, लाइलचं ६५६०० नंबरचं सर्वांत प्रचलित. आधी पोर्सेलिन नळीत थोडं खाली ढकलून जागा करायची, मग नळीत आतून आटे पाडायचे, त्यात पुलर बसवून नट फिरवत वर ओढायचं. टॅपला भरपूर ग्रीस लावा, धातूचा कीस त्यात चिकटतो. दर एक-दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसा, नवं ग्रीस लावा. नंतर बोअरस्कोप घालून पिस्टनवर तुकडा राहिला नाही ना, ते बघा. हत्यार आधीच आणून ठेवा. प्लग तुटल्यावर शोधायला निघालात तर गाडी तिथेच अडकून पडेल.

बसवताना: जास्त तापमान सोसणारं निकेलचं अँटी-सीझ फक्त खालच्या नळीवर पातळ लावा, टोकावर आणि आट्यांवर नको. टॉर्क ३४ न्यूटन-मीटर, म्हणजे २५ फूट-पाउंड. कॉइलच्या बुटात थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. एकसंध अंगाचे पर्यायी प्लगही येतात, चॅम्पियन ७९८९ त्यातला माहितीतला. पुढच्या वेळी पुन्हा हीच धाकधूक नको असेल तर तेच घाला.

८६,००० मैलांचे मूळ प्लग म्हणजे एक-दोन तुटतील असं धरूनच कामाला बसा.

फ्यूजबॉक्स

गालिच्याकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या मते टकटकीपेक्षा हा प्रश्न आधी सोडवायचा आहे, कारण रोज नुकसान वाढतं. या गाडीचा स्मार्ट जंक्शन बॉक्स, म्हणजे आतले फ्यूज, रिले आणि बॉडी इलेक्ट्रॉनिक्स एकत्र असलेली पेटी, प्रवाशाच्या पायाशी उजव्या किक पॅनेलमागे आहे. पाणी नेमकं तिथेच उतरतं.

आधी पाणी कसलं ते ओळखा. पांढरा कागद दाबून बघा. चिकट, गोडसर वास, म्हणजे कूलंट आणि हीटर कोअर. स्वच्छ पाणी आणि फक्त एसी लावल्यावर, म्हणजे एसीची ड्रेन नळी तुंबली आहे, ती साफ केली की झालं. स्वच्छ किंवा मातकट पाणी आणि पावसानंतर, म्हणजे काउल, काचेच्या खालची वायपरजवळची पन्हळ. दाराजवळचा कोपरा ओला म्हणताय, त्यामुळे मला काउलचाच संशय आहे.

वायपरचे हात काढा, प्लॅस्टिकची काउल ग्रिल उचला. दोन्ही टोकांना पाणी बाहेर सोडणारी भोकं आहेत, त्यांत पानं आणि चिखल बसतो. पाण्याची पातळी वाढली की ते हवेच्या इनटेकमधून किंवा सांध्याच्या सीलमधून आत येतं. भोकं मोकळी करा, मग एकाने आत बसून टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने हलकी धार सोडायची. खालून सुरू करा, हळूहळू वर. एकदम काचेवर धार मारली तर पाणी कुठून शिरलं ते कळणार नाही. सीलंट फुटलेलं दिसलं तर जुनं खरवडून, कोरडं करून, सीम सीलर भरा.

खाली स्कफ प्लेट आणि किक पॅनेल काढून पेटीचे कनेक्टर बघा. हिरवट-पांढरा थर दिसला तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना, ते एअरबॅगचे, हात लावण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबा. गालिच्याखालचा फोम दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो. वरून पुसून तो वाळत नाही, सीट काढून गालिचा उचलावाच लागतो.

विकत घेताना प्रत्येक खिडकी, सेंट्रल लॉक, आतला दिवा, इंडिकेटर, हॉर्न, डिकीचं बटण चालवून बघा. एखादं आपोआप चालू होत असेल किंवा मध्येच बंद पडत असेल, तर पेटीपर्यंत पाणी पोचलं आहे. पेटी बदलता येते, पण नवीला त्या गाडीचं कॉन्फिगरेशन लिहावं लागतं. फोरस्कॅनने (फोर्ड गाड्यांचं निदान करणारं सॉफ्टवेअर) जुन्या पेटीतला डेटा आधी वाचून साठवा, मगच ती काढा.

मिशिगनकर

कागदपत्रांबद्दल थोडं. व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, आठवं अक्षर एच असायला हवं. एन असेल तर ती ४.० लिटरची व्ही-६ आहे, मग बाहेरून कितीही जीटीचे बिल्ले लावलेले असोत. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं, २००७ साठी ७.

तोच सतरा अक्षरांचा नंबर एनएचटीएसएच्या (अमेरिकेची सरकारी रस्ते-सुरक्षा संस्था) संकेतस्थळावर टाका. या पिढीच्या मस्टँग टकाटा एअरबॅगच्या रिकॉलमध्ये आहेत. काम बाकी असेल तर डीलरकडे ते फुकट होतं, गाडी किती जुनी आणि कितवा मालक याचा संबंध नाही. ते होईपर्यंत गाडी रोज चालवू नका. एअरबॅग फुगवणाऱ्या जुन्या इन्फ्लेटरमधून धातूचे तुकडे उडून माणसं मेली आहेत.

बॉनेटचे फोड: बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि पुढच्या दुमडलेल्या कडेत गंज धरतो. घासून रंगवलं तरी आतून परत येतो. दिसण्याचा प्रश्न आहे, सुरक्षेचा नाही. भावात कापा. ओहायोची गाडी, म्हणून हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा गंज खाली बघा: मागच्या कंट्रोल आर्मच्या जोडण्या, ब्रेकच्या पोलादी नळ्या, फ्युएल टाकीचे पट्टे. ब्रेकची नळी पापुद्रे सुटून जाड झालेली दिसली तर ती बदलायची, पुसून चालणार नाही.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले कोड वाचणारं यंत्र) लावा आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते, बघा. बरेच अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसले आहेत, दिवा नसणं हा पुरावा धरू नका. हवेचा मोठा इनटेक बसवलेला दिसला तर ट्यून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला जुळवणीचा बदल, कोणी आणि कशाने केला ते विचारा. या गाडीत इनटेकच्या नळीचा व्यास बदलला आणि ट्यून नसला तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात सतत करत असलेली दुरुस्ती, स्कॅनरवर दिसते) १० टक्क्यांच्या पलीकडे असेल तर थांबा.

हायवेपांथस्थ

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा जाऊन आलो. बूट तपकिरी आहेत. कनेक्टर काढल्यावर टकटक बरीच कमी झाली, पण गेली नाही. उजवीकडच्या कव्हरवर जास्त ऐकू येते. कनेक्टरमध्ये तेल नाही. मेकॅनिकल गेज लावायला मालक तयार नाही. पाणी स्वच्छ आहे, काउलमध्ये पानांचा थर होता. खिडक्या, लॉक, दिवे सगळं ठीक. आठवं अक्षर एच, एअरबॅगचं काम झालेलं आहे. मॉनिटर सगळे पूर्ण. हळू वळताना मागून घरघर आणि कंप येतो, हे काल लक्षात आलं नव्हतं.

तेलकटहात

मागची घरघर बहुधा स्वस्तात सुटेल. ८.८ इंची ॲक्सलमध्ये ट्रॅक्शन-लॉक डिफरन्शियल आहे, त्याच्या क्लच प्लेट तेलात फ्रिक्शन मॉडिफायर कमी पडला की अशाच चिकटतात-सुटतात. कव्हर काढा, ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक आणि ४ औंस, म्हणजे ११८ मिलि, मॉडिफायर. मग मोकळ्या पार्किंगमध्ये आठाच्या आकड्यात दहा-बारा हळू फेऱ्या, म्हणजे नवं तेल प्लेटांत शिरतं. त्यानेही गेलं नाही तर क्लच पॅक झिजलेला. कव्हर काढल्यावर चुंबकावर बारीक करडी पूड असणं ठीक, खपल्या किंवा दाताचे तुकडे नकोत.

इंजिनाचं: एका बाजूला जास्त, आणि कनेक्टर काढल्यावर कमी. उजव्या फेझरवर संशय आहे, पण गेजशिवाय टेन्शनर निर्दोष ठरत नाहीत. म्हणून हिशोब पूर्ण कामाचा धरा: दोन्ही फेझर, दोन्ही चेन, गाइड, दोन्ही टेन्शनर, सोलेनॉइड, व्हॉल्व्ह कव्हर आणि पुढच्या कव्हरचे गॅस्केट. टेन्शनरच्या जागी जुन्या दोन-व्हॉल्व्ह इंजिनाचे बिडाचे बसवतात, त्यांत फाटणारं सील नाही. फेझरचे बोल्ट ताणून बसणारे आहेत, प्रत्येक वेळी नवेच, ४० न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश. हे काम लिफ्टशिवाय होतं, पण पहिल्यांदाच करत असाल तर चेनच्या खुणा जुळवताना टायमिंग जाणणारं कुणीतरी शेजारी असू द्या.

दहाचापाना

व्हॉल्व्ह कव्हर उतरवायचीच असतील तर कॉइल तेव्हा निघणारच आहेत, प्लगचं कामही त्याच वेळी घ्या. क्रम मात्र सांभाळा: प्लग आधी, टायमिंगची खोलाखोल नंतर. प्लग तुटला तर इंजिन हाताने फिरवून तो पिस्टन खाली घेता यायला हवा, आणि चेन उतरवल्यावर क्रँक तसा मोकळा फिरवता येत नाही.